विसाव्याचा हक्क

दुबईत नोकरी करणारे रत्नागिरी-रायगडकडचे अनेक तरुण शनिवार-रविवार साधून फुजैरा किंवा खोरफक्कानच्या किनाऱ्यावर जातात. चौघांत मिळून एक गाडी, शंभराहून अधिक किलोमीटरचा रस्ता. हजरचे उघडे डोंगर ओलांडले की ओमानचे आखात दिसते. त्याचेच पाणी पुढे अरबी समुद्राला, म्हणजे आपल्या कोकणच्या किनाऱ्याला मिळते. तेथे छायाचित्रे निघतात, परंतु ती घरी पाठवली जात नाहीत.

वाचकहो, हा संकोच कशाचा आहे? सतर झाकून समुद्रस्नान करण्यात, वाळूवर दोन घटका निवांत बसण्यात निषिद्ध असे काही नाही. संकोच पैशाचा आहे. घराचे बांधकाम अर्धवट आहे, बहिणीचे लग्न ठरायचे आहे, आणि आपण येथे मौज करतो, असे त्या मुलाला वाटते.

हजरत सलमान फारसी (रजि.) आणि हजरत अबू दरदा (रजि.) यांचा प्रसंग सहीह बुखारीत आहे. अबू दरदा दिवसा रोजा ठेवीत, रात्रभर इबादत करीत. पाहुणे म्हणून आलेल्या सलमानांनी त्यांना जेवायला लावले, रात्री झोपायला लावले, आणि रात्रीच्या अखेरच्या प्रहरी दोघांनी मिळून नमाज पढली. रब्बचा हक्क आहे, स्वतःचाही आहे आणि घरच्यांचाही आहे, हे त्यांनी बजावले, आणि प्रेषित (स.) यांनी सलमानांचे म्हणणे खरे ठरवले. ध्यानात घ्या, तेथे शरीराचा हक्क मारला जात होता तो इबादतीपायी. ओव्हरटाइमपायी तो मारला जावा, याला आधार कोठून आणायचा?

कोकणातील आपण बहुतेक शाफई. या मताप्रमाणे पापासाठी निघालेल्याला प्रवासाची सवलत मिळत नाही. विसाव्यासाठी दूर निघालेल्याला मात्र ती मिळते. म्हणजे खोरफक्कानला गेलेला तो तरुण जुहरच्या चार रकअतींऐवजी दोन पढू शकतो. अल्लाहने त्याच्यावरील फर्जाचा भार हलका केला आहे, आणि गावी आपण फोनवर पहिला प्रश्न विचारतो तो पैसे कधी येणार हा!

अर्थात, ज्याने कोणाचे देणे मुदत उलटूनही थकवले आहे, त्याने आधी ते फेडावे. इतरांची दिखाऊ स्पर्धा पाहून महागड्या हॉटेलात खोली घेणे हाही विसावा नव्हे. (आठवड्याचा एकच सुटीचा दिवस कामगार वसाहतीत झोपून काढणारेही पुष्कळ आहेत. ती झोपसुद्धा त्यांचा हक्कच.)

मात्र लपवाछपवी मला खटकते. लपवल्याने मुलगा हलाल गोष्टीला गुन्ह्याचे रूप देतो आणि परदेशात थकवा येतच नाही, हा घरच्यांचा समज पक्का होतो. दोन दिवस समुद्रावर जातो आहे, हे त्याने आईला आधीच सांगावे. आईने खर्च किती झाला हे विचारण्यापूर्वी झोप लागली का, पाणी कसे होते, हे विचारावे.