दूरत्वाचे माप

दिल्ली आणि सॅन फ्रान्सिस्को या दोन विमानतळांमधील अंतर किती, या प्रश्नाला भूगोलाचे उत्तर एकच आहे: पृथ्वीच्या गोलावरील सर्वांत जवळच्या रेषेने सुमारे १२,४०० किलोमीटर. प्रवाशाला या उत्तराचा फारसा उपयोग नसतो. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये एअर इंडियाने या मार्गावरचे विमान अटलांटिकऐवजी प्रशांत महासागरावरून नेले. वाट सुमारे १,४०० किलोमीटरांनी वाढून पंधरा हजारांपलीकडे गेली. तरीही जवळजवळ दोन तास वाचले आणि विमान सुमारे साडेचौदा तासांत उतरले. उंचावरचे प्रबळ वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, आणि या दिशेने जाताना ते पाठीशी असतात. लांबची वाट अशी जवळची ठरली.

वैशेषिकांनी दिक् आणि काल ही स्वतंत्र द्रव्ये मानली आणि परत्व व अपरत्व, म्हणजे दूरपणा व जवळपणा, हे गुण दोहोंच्या संबंधाने वेगवेगळे सांगितले. लांबचे गाव दिशेने 'पर', वडीलधारा माणूस कालाने 'पर'. आज अमेरिका किती दूर, असे कोणी विचारले की आपण तास सांगतो. (तसे पाहता जुन्या वाटसरूचा कोसही बऱ्याच अंशी चालण्याचा वेळच होता, पण ते चालणे त्याच्या पायांचे होते.) या भेदाचा विसर पडण्याला एक नैतिक बाजूही आहे.

आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून आगबोटीने निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला पोहोचल्या. त्या काळी परदेशी गेलेल्या माणसाला घरच्या मृत्यूची वार्ता तारेने कळली, तरी तो परतेपर्यंत दिवसकार्ये उरकलेली असत. त्याच्या न येण्याचा जाब कोणी विचारीत नसे. समुद्रच त्याच्या वतीने उत्तर देई. आज पुण्यातल्या रुग्णालयातून कॅलिफोर्नियातील मुलाला फोन जातो, तेव्हा 'कधी पोहोचशील?' या शब्दांत चौकशीपेक्षा मागणी अधिक असते. देह शीतगृहात ठेवून त्याची वाट पाहिली जाते. अंतर तासांत मोजता आले आणि त्यासरशी ते कर्तव्याच्या कक्षेत आले. वेळापत्रकात न दिसणारी अंतरे, म्हणजे व्हिसाची मुदत, न मिळालेली रजा, तिकिटाची रक्कम, ही त्याने सांगितली तर ती सबब ठरते. समुद्राला कोणी सबब म्हणत नव्हते.

मला येथे बऱ्याच अंशी मुलाचीच बाजू घ्यावीशी वाटते. विमानाचा वेग ही त्याची कमाई नव्हे, आणि त्या वेगाच्या हिशेबाने त्याच्या मायेचे मोजमाप करणे अन्यायाचे आहे. परंतु त्याला सर्वस्वी मोकळे सोडता येत नाही. निघताना आईची समजूत घालण्यासाठी 'एका दिवसाचा तर प्रवास' असे त्यानेच म्हटलेले असते. ते तिला धीर यावा म्हणून, की स्वतःचा पाय सहज निघावा म्हणून, हे त्यालाही नीट सांगता येणार नाही. आईने मात्र तो आकडा वचन म्हणून ऐकलेला असतो. आणि व्हिसाचा उल्लेख त्या वेळी दोघांपैकी कोणीच केलेला नसतो.