नोहाची खिडकी

सुटीत सांगलीहून मुंबईला गेलेली मुले परत आली की राणीच्या बागेची गोष्ट हमखास सांगतात. त्यांच्या आजी-आजोबांनीही हीच बाग पाहिलेली असते; पण दोघांनी पाहिलेले पक्षी मात्र एकच नसतात. २०१६ साली दक्षिण कोरियाहून तेथे आठ हम्बोल्ट पेंग्विन आणले गेले. पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचा हा पक्षी मुंबईच्या उकाड्यात थंड केलेल्या दालनात ठेवावा लागला. त्यांतला एक काही महिन्यांतच मेला. २०२० च्या जानेवारीत तेथेच जाळीचे एक उंच दालन खुले झाले. त्यात माणूस आत चालत जातो आणि पक्षी त्याच्या डोक्यावरून उडतात.

पिंजऱ्यातले पक्षी असे बदलत जातात, तेव्हा एक प्रश्न विचारावासा वाटतो. हा बदल कोणासाठी झाला? आपल्या डोळ्यांसाठी की पक्ष्यासाठी?

कोणी म्हणेल, मुलांनी पक्षी पाहिलेच नाहीत तर त्यांना माया कशी लागणार? हे म्हणणे खोटे नाही. पण नावीन्य संपले की नवा पक्षी हवा, असे झाले की ती माया उरत नाही. ती नुसती हौस होते.

दुसरे उदाहरण गिधाडांचे आहे. एके काळी गावाबाहेर ढोर टाकले की गिधाडे उतरत. कोणत्याही बागेने त्यांना शोभेचा पक्षी मानले नाही. पुढे जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाने त्यांचा घात केला. औषध दिलेले जनावर मेले आणि गिधाडांनी खाल्ले, की त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. २००६ साली जनावरांसाठी या औषधावर बंदी आली, तोवर बहुतेक गिधाडे संपली होती. मग हरियाणातील पिंजोर येथे ती पिंजऱ्यात जपून वाढवण्यात आली. तेथून २०२४ साली काही गिधाडे आपल्या महाराष्ट्रात, ताडोबा आणि पेंचच्या जंगलात आणली गेली. काही महिने मोठ्या पिंजऱ्यात ठेवून त्यांना मोकळ्या आकाशात सोडले. त्यांतली काही दगावली.

मग त्यांना सोडले ते चुकले का? पिंजऱ्यात ती सुरक्षित नव्हती का?

येथे नोहाची आठवण होते. त्याचे तारू म्हणजेही एक मोठा पिंजराच होता. पण त्याला खिडकी होती. नोहाने कबुतर सोडले, ते परत आले. पुन्हा सोडले, ते जैतुनाचे पान घेऊन आले. तिसऱ्यांदा सोडले, ते आलेच नाही. ते जगले की नाही, हे बायबल सांगत नाही. तरी नोहा त्याच्या मागे रडत बसला नाही. रिकामा हात हीच त्याच्यासाठी शुभवार्ता होती, कारण पृथ्वी पुन्हा राहण्याजोगी झाली होती.

पिंजऱ्याची परीक्षा हीच असावी. ज्या पिंजऱ्याला आपण एक दिवस रिकामे व्हावे असे वाटते, तो आसरा. ज्याला सतत नवा कैदी हवा असतो, तो तुरुंग, मग त्याची जाळी कितीही उंच असो.

अर्थात, खिडकी उघडण्याआधी बाहेर जमीन हवी. आपल्या जिल्ह्यात धों. म. मोहिते यांनी हेच ओळखले. सागरेश्वरच्या उघड्या डोंगरावर त्यांनी लोकांना सोबत घेऊन झाडे लावली. १९८५ साली ते अभयारण्य झाले. झाडे वाढली आणि पाखरांना आसरा मिळाला.

आपल्या घरातही कधी वाढदिवसाला रंगीत पक्ष्यांची जोडी आणण्याचा हट्ट होतो. एकदा आणलेला, पिंजऱ्यातच जन्मलेला पक्षी सोडून देणे ही दया नव्हे. त्याला मरेपर्यंत सांभाळणे हेच आपले कर्तव्य. पण आणण्याआधी मुलांना घेऊन एका सकाळी कृष्णाकाठी जावे. तेथे बगळा उभा असतो, खंड्या सूर मारतो. जवळ गेले की ते उडून जातात. मुले हिरमुसतील. तेव्हा त्यांना सांगावे, तो उडून गेला, म्हणजे तो बरा आहे.