उपचार कीं प्रयोग?

पोटच्या मुलासाठीं आईबापांनीं काय करावें याला आपल्या समाजांत मर्यादा नाहीं. काय करूं नये, हें मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं. वाचकांनीं सातारा जिल्ह्यांतील एखादें कुटुंब क्षणभर डोळ्यांपुढें आणावें. चार वर्षांचा मुलगा. त्याला बसतां येत नाहीं, उभा केला तर पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढतात. निदान सेरेब्रल पाल्सीचें, म्हणजे वाढत्या मेंदूला झालेल्या इजेमुळें आलेल्या पंगुत्वाचें. १८९४ सालीं डॉ. वॉन्लेस यांचें रुग्णालय उघडल्यापासून कृष्णाकांठचीं माणसें दुखण्याखुपण्यांत मिरजेची वाट धरतात. तशा याही कुटुंबाच्या सांगली-मिरजेला खेपा झाल्या. इजा भरून येणारी नाहीं, हातपाय आखडूं न देणें आणि जमेल तेवढी हालचाल शिकविणें आपल्या हातीं आहे, असें डॉक्टरांनीं सांगितलें. अशा वेळीं कोणी आप्त बातमी आणतो, कीं मोठ्या शहरांत स्टेम सेलचीं, म्हणजे मूलपेशींचीं, इंजेक्शनें मिळतात. खर्च कांहीं लाख. शेत विकावें काय?

ज्याच्या घरीं असें मूल नाहीं त्यानें येथें जपूनच बोलावें. तथापि हा निर्णय केवळ प्रेमानें होत नसतो; त्यांत अपराधाची भावनाही असते. विल्यम लिटल या इंग्रज वैद्यानें १८६१ सालीं या विकाराचा संबंध कठीण प्रसूतीशीं जोडला, आणि आपण वेळेवर दवाखान्यांत गेलों नाहीं ही खंत आजही कित्येक मातांच्या मनांत घर करून असते. नवल असें, कीं पुढें मनोविश्लेषणासाठीं ख्यातनाम झालेल्या फ्रॉइडनेंच १८९७ सालीं शंका काढली, कीं कठीण प्रसूति हें कारण नसून आधींच बिघडलेल्या गर्भाचें लक्षण असावें. पुष्कळ मुलांच्या बाबतींत इजा प्रसूतीपूर्वींचीच असते, हें आतां कळून चुकलें आहे. परंतु त्या मातेला हें कोण सांगतो? प्रायश्चित्ताची किंमत कोणी विचारीत नाहीं, आणि विकणाऱ्याला नेमकें तेंच ठाऊक असतें.

कोणी म्हणेल, कोणीतरी प्रथम धाडस केल्यावांचून नवा उपचार निघणार कसा? आक्षेप खरा आहे. पण धाडसालाही रीत असते. कॅनडांत १११ मुलांवर झालेला एक प्रयोग २००१ सालीं ‘लॅन्सेट’मध्यें प्रसिद्ध झाला. कांहीं मुलांना दाबाखालील प्राणवायु दिला, कांहींना किंचित् दाबलेली साधी हवा. दोन्ही गटांतील मुलें सारखींच सुधारलीं! थोडा दाब हाही उपचारच, असें एका पक्षानें म्हटलें. रोज मुलाजवळ बसणाऱ्या आईबापांचा सहवास आणि आशा यांचाच तो गुण, असें दुसऱ्यानें. आम्हांस दुसरें अधिक पटतें. तें कसेंही असो, दुसरा गट नसता तर साऱ्या सुधारणेचें श्रेय प्राणवायूला मिळालें असतें, आणि त्या श्रेयावर दुकानें उघडलीं असतीं.

मूलपेशींविषयीं भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनीं हीच रेषा आंखली: रक्ताच्या ठराविक विकारांवांचून त्यांचा वापर मान्यताप्राप्त चांचणींतच व्हावा. प्रयोगाचा खर्च रुग्णानें सोसावा हें संशोधनाच्या नीतीत बसत नाहीं. ज्याच्या अंगावर प्रयोग होतो तो आधींच आपला वांटा देत असतो.

आणि येथें तर अंग मुलाचें आहे, संमति बापाची. शिवाय त्या शेतावर धाकट्या बहिणीचाही हक्क आहे. तिला कोणी विचारलें? त्याच पैशांत मापाची खुर्ची येईल, शाळेंत नेण्या-आणण्यास माणूस ठेवतां येईल, आईला दुपारीं तासभर पाठ टेंकतां येईल. या गोष्टींना कोणी चमत्कार म्हणणार नाहीं, म्हणून त्यांसाठीं कोणी शेत विकीत नाहीं, एवढेंच.

तरीही बापाचें मन राहत नसेल तर त्यानें जावें. दारांतच विचारावें, चांचणीची नोंद कोठें आहे, नीतिसमितीनें तिला मान्यता दिली आहे काय, आणि खर्च कोण करतो. उत्तराऐवजीं पावतीपुस्तक पुढें आलें, तर साताऱ्याची गाडी धरावी.