‘तू’ म्हणण्याचा हक्क

एर्न्स्ट लुबिच यांच्या ‘द शॉप अराउंड द कॉर्नर’ (१९४०) या कृष्णधवल चित्रपटात बुडापेस्टमधल्या एका दुकानात दोन नोकरांचं क्षणभरही पटत नाही. आल्फ्रेड क्रालिक आणि क्लारा नोव्हाक दिवसभर एकमेकांना टोमणे मारतात आणि रात्री, आपण कुणाला लिहितो आहोत हे ठाऊक नसताना, एकमेकांनाच सुंदर पत्रं लिहितात. नाताळच्या आदल्या संध्याकाळी उलगडा होतो. प्रेक्षक सुखावतो. पण या सुखात एक नैतिक पेच आहे : क्रालिकला सत्य क्लाराच्या बरंच आधी कळतं आणि तो ते दडवून ठेवतो.

हा पेच अनुवादकाला सर्वनामापाशी अडवतो. मूळ नाटक मिक्लोश लास्लो यांचं, हंगेरियन. हंगेरियनमध्ये मराठीसारखाच जवळिकीचा आणि अंतर राखणारा असा भेद आहे. इंग्रजीत आल्यावर तो एकाच शब्दात विरून गेला. मराठीत आणताना तो पुन्हा उभा राहतो. दुकानात दोघं ‘तुम्ही’ म्हणणार, हे उघड आहे. पण सत्य कळल्यावर क्रालिक मनात ‘तू’ म्हणू लागतो. ते ओठांवर आणण्याचा हक्क त्याला कधी मिळतो?

कॅफेमध्ये क्लारा ‘ॲना कॅरेनिना’ आणि कार्नेशनचं फूल घेऊन अनोळखी मित्राची वाट बघत बसली आहे. त्याच दिवशी नोकरी गमावलेला क्रालिक आत जातो, पण ओळख देत नाही. ती त्याला तुच्छतेनं बोलते, तो ऐकून निघून जातो. नंतर टपालघरात तिचा हातमोजा घातलेला हात रिकामी पेटी चाचपतो आणि मागून तिचा चेहरा दिसतो. इथे विनोद थांबतो. त्याच्या मौनाची किंमत ती मोजते आहे. ती आजारी पडते.

त्याची बाजू घेणारे म्हणतील, त्याला पत्रातला नव्हे, प्रत्यक्षातला माणूस म्हणून आवडून घ्यायचं होतं. मग शेवटी तो ‘पॉपकिन’ नावाचा लठ्ठ, टकला, बेकार प्रियकर रचून तिची फिरकी का घेतो? त्यात मजा आहे, आणि थोडं क्रौर्यही. शिवाय तोवर तो दुकानाचा व्यवस्थापक झालेला असतो. जास्त माहिती त्याच्याकडे, अधिकारही त्याच्याकडेच.

तरी चित्रपट त्याला पूर्ण दोषी ठरवू देत नाही, कारण शेजारीच दुसरं उदाहरण ठेवलेलं आहे. मालक मातुशेक यांना निनावी पत्र येतं : तुमच्या पत्नीचं तुमच्याच एका नोकराशी प्रकरण आहे. त्यांचा संशय क्रालिकवर जातो आणि ते एक शब्द न विचारता त्याला काढून टाकतात. खरा गुन्हेगार वाडास असतो. सत्य कळल्यावर मातुशेक जीव द्यायला निघतात. पेपी हा पोऱ्या त्यांना वाचवतो. मातुशेक यांनी आपल्याला कळलेल्या गोष्टीचा उपयोग निवाड्यासाठी केला. क्रालिक तिचा उपयोग स्वतःला बदलण्यासाठी करतो. पत्रात आत्म्याच्या गोष्टी लिहिणाऱ्यानं गल्ल्यापलीकडच्या मुलीला मात्र कधी सौजन्य दाखवलं नव्हतं. आता ते दाखवणं त्याला भाग पडतं. दूरच्या माणसाशी उदार असणं सोपं, रोज समोर येणाऱ्याशी अवघड.

पण स्वतःला बदललं म्हणून लपवणं माफ होत नाही. उत्तर मागण्याआधी पत्ते उघडे करावेच लागतात. क्रालिक शेवटी कार्नेशनचं फूल आपल्या कोटाला लावतो. मग क्लारा त्याला विजार वर उचलायला सांगते, कारण तिनं त्याला फेंगड्या पायांचा म्हटलेलं असतं. इतके दिवस जो गुपचूप तिला पारखत होता, तोच आता पारखला जातो आणि हसत पाय दाखवतो.

मराठी संहितेत पहिलं ‘तू’ मी इथेच लिहीन, आणि ते आधी क्लाराच्या तोंडी देईन.