दुसरा विचार

जन्मभराचा निर्णय माणसाने किती वेळात घ्यावा? आमच्या बँकेत मुदत ठेव मोडायला आलेल्यालाही आम्ही 'पुन्हा विचार करा' म्हणतो. डॉक्टरांचे तसे नाही. साडेपाच वर्षे एम.बी.बी.एस. करायचे, नीट-पीजीचे २०० प्रश्न साडेतीन तासांत सोडवायचे आणि मग आपली आवड कोणती, हे क्रमांकाने ठरवायचे!

माझ्या भाच्याचा क्रमांक चांगला आला. घरचे म्हणाले, "त्वचारोग घे. रात्री कोणी उठवत नाही." (त्याच पदवीत कुष्ठरोगही येतो, हे कोणी बोलले नाही.) त्याने मान डोलावली. आठवड्याने मला म्हणाला, "मामा, इंटर्नशिपमध्ये मुलांच्या वॉर्डात जागलो ना, तेव्हा घड्याळ बघायचं सुचलंच नव्हतं." झाले! घरात 'चंचल' ही पदवी त्याला एमडीच्या आधीच मिळाली.

सुखाची शाखा घेणे पाप नव्हे. खाज सुटलेल्यालाही डॉक्टर हवाच. पण मन एकीकडे आणि खुर्ची दुसरीकडे असली, की कपाळावरची आठी घरच्यांना दिसत नाही. ती दिसते पेशंटला. तेव्हा हा दुसरा विचार खरे तर त्याच्याच हक्काचा.

मला कॉमर्सला घालताना कोणी काही विचारले नव्हते. पण कॅश जुळली नाही तर उशिरापर्यंत मी एकटाच थांबतो. कोणाचे मूल तापाने फणफणत नाही.