गाण्याला परवाना, बातमीला मनाई

ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन शहरात ८ डिसेंबर १९७५ रोजी दुपारी बारा वाजता क्वीन्सलँड विद्यापीठाच्या आवारातून एक नवं रेडिओ केंद्र बोलू लागलं. नाव फोर ट्रिपल झेड. पहिली तबकडी लागली ती ‘द हू’ या ब्रिटिश रॉक बँडची, ‘वोन्ट गेट फूल्ड अगेन’. काळवेळ पाहिली तर ही निवड नुसत्या आवडीची वाटत नाही. गव्हर्नर जनरलनी पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांना पदावरून दूर करून महिनाही झाला नव्हता आणि निवडणूक पाच दिवसांवर आली होती. खुद्द क्वीन्सलँड राज्यात मुख्यमंत्री जो ब्येल्के-पीटरसन यांची कडक राजवट होती. १९७७ साली त्यांनी रस्त्यावरच्या मोर्चांना मनाई केली. व्यापारी स्टेशनं ज्यांना दारात उभं करत नसत, अशा स्थानिक पोरांच्या बँडची गाणी या केंद्रावर वाजत आणि मोर्चात कोणाला पकडलं, पोलिस कसे वागले, हेही त्याच माइकवरून सांगितलं जाई. पुढे १९८७ ते ८९ या काळातल्या फिट्झजेराल्ड चौकशीनं क्वीन्सलँड पोलिसांमधली लाचखोरी चव्हाट्यावर आणली. अनेकांना धक्का बसला. ट्रिपल झेडच्या श्रोत्यांना तो तितकासा बसला नसावा.

डिसेंबर १९८८मध्ये विद्यार्थी संघाच्या नव्या पदाधिकाऱ्यांनी केंद्राला जागेतून बाहेर काढलं. तरी ते आजही १०२.१ एफएमवर ऐकू येतं, श्रोत्यांच्या वर्गणीवर आणि स्वयंसेवकांच्या जिवावर.

हे उदाहरण मुद्दाम घेतलं. स्वतंत्र सामुदायिक रेडिओची ताकद कशात आहे, ते त्यात उघड दिसतं. बातम्या ऐकायच्या म्हणून ठरवून रेडिओ लावणारे थोडे. बाकीचे गाण्यासाठी येतात आणि बातमीपाशी थांबतात, कारण सांगणारा आपल्यातला आहे हे त्यांना त्याच्या गाण्यांवरून आधीच कळलेलं असतं. जो आपल्या आळीतल्या पोराचं गाणं लावतो, तो आपल्या आळीची बातमीही खरी सांगेल, असा हा साधा हिशेब आहे. गाणी आणि घडामोडी ही दोन खाती नाहीतच.

आपल्याकडे मात्र या जोडीची फारकत सरकारी धोरणानं केली आहे. सुरुवात तर मोठ्या तत्त्वानं झाली होती. क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून बंगालच्या क्रिकेट संघटनेशी झालेल्या वादात सर्वोच्च न्यायालयानं ९ फेब्रुवारी १९९५ रोजी निकाल दिला की प्रसारणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. मुख्य निकालपत्र न्या. पी. बी. सावंत यांचं होतं. या तत्त्वाला जमिनीवर यायला वेळ लागला. २००२ साली शिक्षणसंस्थांना दार उघडलं, १ फेब्रुवारी २००४ रोजी चेन्नईत ‘अण्णा एफएम’ सुरू झालं आणि नोव्हेंबर २००६मध्ये स्वयंसेवी संस्थांनाही परवाने खुले झाले. अटी ठरल्या: शंभर वॅटची ताकद, तीस मीटर उंचीचा अँटेना, निदान निम्मे कार्यक्रम स्थानिक. आणि बातम्या व चालू घडामोडी अजिबात नाहीत.

पुढे आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावण्याची मुभा मिळाली. म्हणजे गावच्या केंद्रावरून दिल्लीची बातमी चालते, गावची चालत नाही. हवामान, वाहतूक, परीक्षांचे निकाल यांना बातमी म्हणायचं नाही, असंही ठरलं. वीज-पाण्याच्या सूचनाही त्याच यादीत, पण त्या स्थानिक प्रशासनानं दिलेल्या हव्यात. त्यामुळे उद्या पाणी येणार नाही हे निवेदक सांगू शकतो. का येणार नाही, टँकर कोणाच्या आळीत आधी रिकामा झाला, हे विचारलं की त्यानं हद्द ओलांडली. तोच निवेदक संध्याकाळी मोबाइलवर स्वतःचं यूट्यूब चॅनेल उघडून तोच प्रश्न जगाला खुशाल विचारू शकतो. गावातला साप्ताहिकवालाही छापू शकतो. अडवणूक आहे ती फक्त रेडिओची.

मराठी माणसाला तरी ही फारकत परकी वाटायला हवी. आपल्याकडे पोवाडा हे लढाईचं वार्तापत्रच होतं. तमाशातली बतावणी गावच्या पाटलापासून सरकारपर्यंत कोणालाही सोडत नसे. सत्यशोधक जलसे, भीमराव कर्डकांचे आंबेडकरी जलसे यांत गाणं कुठे संपलं आणि घडामोडींवरचं भाष्य कुठे सुरू झालं, हे कोणी सांगावं? अण्णा भाऊ साठे यांनी स्टॅलिनग्राडच्या लढाईवर पोवाडा रचला, तेव्हा हजारो मैलांवरच्या युद्धाची खबर मुंबईच्या कामगारवस्तीत डफावर पोचली. आजच्या नियमांनी त्यातलं किती लोकसंगीत ठरेल आणि किती चालू घडामोड?

सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला हा पेच रोजचा म्हणायला हवा. माणदेशी फाउंडेशनची ‘माणदेशी तरंग वाहिनी’ तिथे २००८ पासून चालते. माण तालुका पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळी. २०१२-१३ साली याच संस्थेनं म्हसवडला जनावरांची चारा छावणी उभी केली होती. अशा मुलखात एखादी बाई माइकपुढे बसून पाण्याची ओवी म्हणते, तेव्हा ते लोकगीत म्हणून बिनबोभाट पार होतं. तेच दुखणं तिनं गद्यात, तालुक्याच्या अधिकाऱ्याचं नाव घेऊन मांडलं की परवाना अडचणीत.

तेलंगणातल्या माचनूर गावचा ‘संगम रेडिओ’ दलित शेतकरी बायका चालवतात. त्यांचा स्टुडिओ १९९८ पासून तयार होता, परवाना नव्हता. म्हणून त्या कार्यक्रम कॅसेटवर भरून गावोगावच्या बैठकांत ऐकवायच्या. प्रत्यक्ष प्रसारण १५ ऑक्टोबर २००८ला सुरू झालं. सणांची गाणी, भरडधान्यं, घरात जपलेलं बियाणं हे त्यांचे विषय. पण बियाणं घरचं वापरायचं की कंपनीचं, हा शेतीसल्ला मानायचा की राजकारण? या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर ‘दोन्ही’ असंच आहे.

या मांडणीला एक जबर उत्तर आहे, ते टाळून चालणार नाही. रवांडातलं आरटीएलएम हे केंद्र जुलै १९९३ला सुरू झालं. झकास काँगोली गाणी, चावडीवरच्या गप्पांचा बाज. तरुण तुटून पडले. एप्रिल १९९४ पासून त्याच आवाजांनी तुत्सी जमातीच्या कत्तलीला चिथावणी दिली, माणसांची नावं आणि ठिकाणं सांगितली. गाण्यानं कमावलेल्या कानात विषही ओतता येतं, हे यापेक्षा स्पष्ट कोणी दाखवलेलं नाही. सरकारला छोट्या केंद्रांची धास्ती वाटते ती याच धर्तीची.

पण आरटीएलएम गावकऱ्यांचं नव्हतं. सत्तेच्या वर्तुळातल्या कट्टर मंडळींनी ते उभं केलं होतं. त्यामुळे बातमी असावी की नसावी यापेक्षा मालक कोण आणि त्याला जाब कोण विचारणार, हा प्रश्न मोठा. शिवाय द्वेष पेरायला बातमीपत्र लागत नाही. गाणं पुरतं, हे आपल्या मिरवणुकांतले डीजे दरवर्षी सिद्ध करतात. दहा-पंधरा किलोमीटरच्या टप्प्यातलं केंद्र खोटं बोललं, तर निवेदकाला दुसऱ्या दिवशी बाजारात तोंड दाखवायचं असतं. वृत्तपत्रांना लागू असलेले बदनामीचे आणि चिथावणीचे कायदे त्यालाही लागू करा. तेवढे पुरेसे आहेत.

मालकीचा प्रश्न शेवटी पैशावर येतो. अमेरिकेत लुइस हिल यांनी एप्रिल १९४९मध्ये बर्कलीला केपीएफए हे केंद्र जाहिरातींशिवाय, श्रोत्यांच्या वर्गणीवर चालवायचं ठरवून काढलं. पुढच्याच वर्षी पैसे संपून ते बंद पडलं आणि श्रोत्यांनीच हात दिल्यावर १९५१ साली पुन्हा सुरू झालं. आपल्याकडे देशभरात सुमारे पाचशे केंद्रं आहेत. त्यांना २०२४ पासून तासाला बारा मिनिटं जाहिरातींना मिळतात आणि सरकारी जाहिरातीचा दर दहा सेकंदांना ७४ रुपये आहे. ज्यांचा मुख्य आधार सरकारी जाहिरात, त्यांच्यावरची बातमीबंदी उद्या उठली तरी त्यांची जीभ लगेच सुटेल, अशा भ्रमात राहू नये. मिंधेपणाला नियम लागत नाही.

म्हणून मागणी एकटी पुरत नाही. स्थानिक बातमीवरची बंदी उठवा, हे सरकारला ठणकावून सांगायला हवंच. पण सप्त्याला आणि जत्रेला घरटी वर्गणी देणाऱ्या, मग हिशेबाचा फळा बारकाईनं वाचणाऱ्या गावानं आपल्या रेडिओलाही तशीच वर्गणी लावली, तर केंद्राला मालक मिळेल आणि मालकाला जाब विचारायचा हक्क. परवानगी दिल्लीहून आणावी लागेल. वर्गणी आजही गोळा करता येते.