न दिसलेल्या प्रकाशाची साक्ष

मे २०२४ मध्ये, १० तारखेच्या रात्री, सूर्यावरून निघालेल्या वादळाने पृथ्वीला गाठले. एरवी ध्रुवांभोवती दिसणारा ध्रुवप्रकाश त्या रात्री आपली सीमा ओलांडून खाली उतरला आणि लडाखमधील हानले येथील आकाशही लालसर झाले. आमच्या छत्रपती संभाजीनगरातून असे काही दिसणे शक्यच नव्हते. तरीही आपला प्रदेश त्या वादळापासून अलिप्त नव्हता. अशा वादळात ध्रुवांकडे प्रकाश उमटतो. विषुववृत्ताकडे मात्र पृथ्वीभोवती वाहणाऱ्या विद्युत्प्रवाहामुळे चुंबकीय बळ घटते. ही घट डोळ्यांना कळत नाही. अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेतील उपकरणांना ती कळते.

या वेधशाळेचे मूळ मुंबईच्या कुलाब्यात आहे. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडात रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यबिंबावर अकस्मात तेज उसळलेले पाहिले. दुसऱ्या दिवशी कुलाब्यात भर उन्हाच्या वेळी टांगलेला चुंबक विलक्षण ढळला. आडवे चुंबकीय बळ सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी, म्हणजे तेथील एकूण बळाच्या जवळजवळ चार टक्क्यांनी घसरले. एरवी तासातासाने होणारे वाचन अशा खळबळीच्या वेळी पंधरा किंवा पाच मिनिटांनी केले जाई. दुर्बिणीतून मोजपट्टी वाचायची आणि वहीत आकडा लिहायचा, एवढेच निरीक्षकाचे काम.

येथे आम्हांस एक प्रश्न पडतो. जे आपल्याला उमगलेलेच नाही, त्याविषयी खरे बोलण्याचे बंधन आपल्यावर आहे काय? संत थॉमस अक्वायनस यांच्या मते सत्य म्हणजे बुद्धीचा वस्तूशी जुळलेला मेळ. कुलाब्याच्या निरीक्षकाच्या बुद्धीला त्या वादळाचे कारण ठाऊक असणे शक्य नव्हते. सूर्य आणि पृथ्वी यांच्यातील हा दुवा तेव्हा विद्वानांनाही उलगडला नव्हता. उपकरण बिघडले असावे असे मानून तो आकडा गाळता आला असता, किंवा शेजारच्या आकड्यांना शोभेल असा सौम्य करता आला असता. त्याला जाब कोण विचारणार होते? तरी पाहिले तेच वहीत उतरले. सत्य हाती नव्हते. सत्यशीलता मात्र होती. आणि २००३ साली, १४४ वर्षांनी, चार शास्त्रज्ञांनी त्याच नोंदींच्या आधारे त्या वादळाची तीव्रता जगापुढे मांडली. त्यांतील दोघे आपल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे होते.

कोणी म्हणेल, आता हे काम यंत्रे करतात. त्यात सद्गुण कसला? आक्षेप रास्त आहे, आणि त्यातच उत्तरही आहे. यंत्राला मोह नाही, म्हणून त्याला पुण्यही नाही. माणसाला रकाना कोरा सोडता येतो, म्हणूनच त्याचा खरा आकडा ही साक्ष ठरते. खोटी साक्ष देऊ नये, ही आज्ञा केवळ न्यायालयापुरती नाही. आपल्या मराठवाड्यात दुष्काळी कामावरचे हजेरीपट भरले जातात, नुकसानीचे पंचनामे होतात, धर्मग्रामाच्या नोंदवह्या लिहिल्या जातात. तेथे चढवलेल्या एका खोट्या नावाने कोणा विधवेची मजुरी बुडते. लिहिणाऱ्याला ती विधवा दिसत नाही. त्याला फक्त रकाना दिसतो.

साक्षीला स्वच्छ जागाही लागते. मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने नोंदी डागाळणार, हे ओळखून १९०४ मध्ये अलिबागला चुंबकीय परिणाम न करणाऱ्या सामग्रीची इमारत उभी राहिली. जुन्या व नव्या नोंदींचा मेळ बसावा म्हणून सुमारे दोन वर्षे दोन्हीकडे वाचने घेतली गेली. सदसद्विवेकबुद्धीचेही असेच आहे. आपल्याच स्वार्थाचे लोखंड घरात ठेवले, तर सूची त्याच्याकडेच वळते आणि तिला आपण उत्तर दिशा म्हणू लागतो.

पेरणारा एक आणि कापणारा दुसरा, हे प्रभूने आपल्या शिष्यांना शोमरोनाच्या शेतांकडे बोट दाखवून शिकविले. पेरणाऱ्याला पीक दिसेलच असे वचन त्याने दिले नाही. थोडक्यातही विश्वासू राहा, एवढेच मागितले. आज आपल्या हातून जो रकाना भरला जाईल, तो कोण वाचील हे आपणांस ठाऊक नाही. तो खरा असावा, यासाठी ते ठाऊक असण्याची गरजही नाही.